सातवी कामटी

माझ्या लेकीच्या काळजात माझ्या सासूबाईंची वीण आहे. ही काही ओवीतली उपमा नाही. रेवा जन्मली तेव्हा तिच्या हृदयातला मधला पडदा जवळजवळ नव्हताच. ती आठ महिन्यांची असताना पुण्याच्या डॉक्टरांनी तिथे जिवंत धाग्यांचं ठिगळ बसवलं, आणि सासूबाई कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं ज्या विणीनं विणतात, त्याच विणीचं ते ठिगळ आहे. घराला लागून घर, घराला लागून घर, प्रत्येकाला सहा कोन.

आम्ही पाटणच्या बुरूड आळीतले. सासूबाईंना मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा. आत्या विणतात. मामा बांबूचे कळक फाडून त्यांच्या पातळ पट्ट्या, म्हणजे कामट्या, काढायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि निम्मीच परत आली. माझा नवरा सुहास कराडला बॅटरीच्या कारखान्यात पाळीवर जातो. मी शाळेत गणित शिकवते. आणि रेवा सहा वर्षांची आहे, तिला वाटतं की जगातल्या सगळ्या मुलांच्या छातीत आपापल्या आज्जीनं विणलेलं काहीतरी असतंच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या तपासणीला पुण्याला गेलो. ठिगळ जिनं घडवलं ती डॉक्टर मृण्मयी आठल्ये नेहमी आधी रेवाशी बोलते, मग माझ्याशी. त्या दिवशी तिनं रेवाला बाहेर माशांच्या टाकीपाशी बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"स्नेहलताई, हे बघा," ती म्हणाली.

पडद्यावर ठिगळाचं चित्र होतं, हाताएवढं मोठं केलेलं. सहा कोनांच्या घरांची जाळी, आणि तिच्यात काळे ठिपके. बारीक ठिपके पुष्कळ, त्याहून मोठे थोडे, आणि एका कडेला एक चांगलाच मोठा. मी बघत राहिले. वर्गात मुलांना आकृत्या शिकवून डोळ्यांना एक खोड लागते, तिनंच ते ओळखलं.

"हे वेगवेगळे ठिपके नाहीत," मी म्हणाले. "एकच ठिपका आहे. लहानमोठा करून पुन्हा पुन्हा काढलेला."

"हो," ती म्हणाली. "तेच सांगायला बोलावलं."

ठिगळ आणि मूल यांचं भांडण जुनं आहे. मूल वाढतं, ठिगळ वाढत नाही. पूर्वी कापडी ठिगळ घातलेल्या मुलाची छाती काही वर्षांनी पुन्हा उघडायला लागे. मृण्मयीनं त्यावर जी युक्ती काढली ती भूमितीतली आहे आणि मधमाश्यांना ती निम्मी ठाऊक आहे. सहा कोनांचं एक घर घ्या. त्याच्याभोवती तशीच सहा घरं लावा. हा सात घरांचा झुपका जरा लांबून बघा: पुन्हा सहा कोनांचं एक मोठं घर दिसतं, कडा तेवढ्या खडबडीत. आता असे सात झुपके एकमेकांना लावा. खडबडीत कडा एकमेकींत अशा बसतात की सूतभर फट राहत नाही, आणि सगळं मिळून पुन्हा तेच घर, अजून मोठं. सातांचे एकोणपन्नास, एकोणपन्नासाचे तीनशे त्रेचाळीस. कितीही मोठं झालं तरी आकार तोच. म्हणून या ठिगळाला वाढताना नवं काही शिकावं लागत नाही. पहिल्या सात घरांत जे घडलं तेच ते पुढे घडवत जातं.

धागे होते रेशमाच्या प्रथिनाचे, त्यांवर बाळाच्याच पेशी रुजवलेल्या. आकार संगणकाला येत होता, ताण येत नव्हता. हृदय सपाट नसतं आणि स्वस्थ नसतं. सगळीकडे सारखा ओढलेला धागा त्यात आठवडाभरही टिकेना. मग मृण्मयी गावोगाव फिरली, चाळीस विणकरांचे हात तिनं टिपले, आणि त्यांत निवडला तो आत्यांचा हात. आठ वर्षं झाली त्याला. रेवा तेव्हा पोटातही नव्हती.

"विमलमावशींच्या विणीत सहा कामट्यांनी घर होतं," मृण्मयी म्हणाली, "आणि त्या सहांना शेजारच्या घराशी बांधायला सातवी लागते. त्यांच्या नोंदीत सातवी नव्हती. त्यामुळे दर झुपक्यात एक घर सैल पडत होतं. आम्हाला वाटलं ते मुद्दाम आहे, कारागिराच्या हाताचं गुपित. आम्ही त्याला नावसुद्धा दिलं. 'विमल-सैल'. त्यावर परिषदेत भाषण केलं मी."

"आणि आत्यांना विचारलं नाही?"

तिनं मान खाली घातली. "नाही."

लहानपणी ती सैल घरं रक्त साकळून बुजली, म्हणून काही कळलं नाही. पण चूकही वाढत गेली होती, आकार न बदलता. सातांत बारकी, एकोणपन्नासात तिच्याहून मोठी. आता धागे पुढच्या वाढीसाठी जागे व्हायला लागले होते. महिन्याभरात त्या मोठ्या ठिपक्याचं ज्वारीच्या दाण्याएवढं भोक झालं असतं.

"मग?"

"मग छाती उघडायची. पण हे ठिगळ आता तिच्या मांसात रुजलंय, ताई. ते काढणं..." तिनं वाक्य सोडून दिलं. "दुसरी एक वाट आहे. वाढीच्या दिवसांत धागे बाहेरून शिकतात. छातीवर पट्टा बांधायचा, तो विणणाऱ्या हाताच्या तालात टिचक्या मारतो. कुठल्या वेळी किती ओढ, ते धाग्याला टिचकीतून कळतं. टिचक्यांत सातवी असली तर धागा सातवी घालेल. ती आम्ही गणितानं घालून पाहिली. काचेच्या बशीत वाढवलेल्या नमुन्यात फाटलं. सहा एका हाताच्या आणि सातवी परक्याची, जमत नाही. मावशींनाच घालावी लागेल."

परतीच्या एसटीत रेवा माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मी तिच्या छातीवर हात ठेवला आणि कराड येईपर्यंत काढला नाही.

आत्यांना सांगितलं तेव्हा त्या अंगणात विणत होत्या. ऐकून हातातलं काम त्यांनी खाली ठेवलं नाही, उलट हात जोरात चालायला लागला.

"माझ्या हातनं? सातवी ऱ्हायली? आळीत बारा घरांत माझी डालगी हायती. आन एखादं, मोज."

मी खरंच शेजारून दोन आणली आणि उन्हात बसून मोजली. एकही घर सैल नव्हतं. सातवी प्रत्येक ठिकाणी होती, सहांना कवेत घेऊन बसलेली.

"बघितलंस?" आत्या म्हणाल्या. पण त्यांचा आवाज पडला होता. घरी चूक होत नाही आणि पुण्यात झाली, म्हणजे काय झालं, हे त्यांनाही उमगेना. "तितं लई माणसं हुती बघत," जरा वेळानं त्या म्हणाल्या. "म्या लाजले आसंन."

"लाजायला काय होतं?"

"गानं म्हनायला लागतं की. गान्याबिगर हात चालत न्हाय."

ते मलाही ठाऊक होतं. लग्न होऊन आल्यापासून मी ते गाणं ऐकत आले होते. कामट्यांची मोजदाद त्यात आहे, सहाव्या कामटीपर्यंत. त्यानंतरची ओळ त्या नुसती गुणगुणतात, तोंड मिटून. मला वाटायचं, शब्द विसरल्या असतील.

"आत्या, शेवटच्या ओळीत काय आहे?"

"हाय काईतरी."

"आत्या."

"नाव हाय," त्या डालग्याकडे बघत म्हणाल्या.

"कुणाचं?"

त्यांनी डावीकडे हनुवटी केली. डाव्या अंगाला पोत्यावर मामा बसले होते. आजारापासून ते कळक फाडत नाहीत, पण रोज तिथे येऊन बसतात. मामांच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू आलं, उरलेला अर्धा नुसता बघत राहिला.

गाणं मामांच्या पणजोबांनी बांधलं होतं, आणि शेवटी आपलं नाव घातलं होतं. मामांना त्या पणजोबांचंच नाव ठेवलेलं. आता नवऱ्याचं नाव कामाच्या गाण्यात रोज शंभरदा कसं घ्यायचं? अठ्ठेचाळीस वर्षं आत्या ती ओळ मिटल्या ओठांनी म्हणत आल्या होत्या.

"धोंडी," रेवा म्हणाली. "आबांचं नाव धोंडी. म्हण ना, आज्जी. सोपंय. धोंडी, धोंडी."

"तू गप गं भवाने."

"म्हणजे पुण्यात लोकांसमोर ती ओळ गुणगुणताही आली नाही," मी म्हणाले, "गाणं अडलं आणि हात अडला. असंच ना?"

"आसंल." आत्यांनी पदरानं घाम पुसला. "नाव घेतल्यानं पोरीचं काळीज सांधत आसंल, तर वेशीवर हुभी ऱ्हाऊन घीन. कंदी जायाचं?"

मामा पोत्यावरून सावकाश म्हणाले, "अठ्ठेचाळीस... वर्सं... वाट बघतोय." एकेक शब्द जड कळकासारखा ओढत. आत्यांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही, पण त्यांचे कान लाल झाले होते.

प्रयोगशाळेत हाताला काही बांधत नाहीत. छताला बारा कॅमेरे, आणि कामट्यांच्या आत केसाएवढी ताण मोजणारी तार. आत्यांनी खुर्ची नाकारली, खाली सतरंजीवर बसल्या, पदर खोचला, आणि काचेपलीकडच्या माणसांकडे पाठ करून सुरू केलं.

पहिली माझी कामटी, आडवी ग बांधावाणी
दुसरी ग तिरपी, माहेराच्या वाटंवाणी
तिसरी ग तिरपी, सासराला वळयीली
चवथीनं पाचवीला, घरामधी घेतियली
सहावी ग कामटी, दाराला झाली कडी

इथे त्या थांबल्या. डोळे मिटले. मग स्पष्ट, मोठ्यानं, जणू भरल्या मांडवात म्हणाल्या:

सातवी धोंडीच्या हाती, तवा बसं घराची घडी

मी हसले. मृण्मयीही हसली. मग आम्ही खाली बघितलं.

सातवी कामटी सतरंजीवर तशीच पडलेली होती.

आत्यांनी पुन्हा म्हटलं. नाव पुन्हा घेतलं, हात पुन्हा थांबला. अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी त्यांनी सहा कामट्यांचं ते घर बाजूला सारलं आणि दोन्ही हात मांडीवर उलटे टाकून बसल्या. "आता काय करू? नाव घेतलं की. आनी काय घिऊ?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "म्या पोरीला भोक विनून दिलं गं."

मृण्मयीनं चित्रीकरण मागे नेलं आणि सावकाश सोडलं. पडद्यावर आत्यांचे नुसते हात. उजव्या हातानं सहा टोकं धरून ठेवलेली. ओळ सुरू होते. आणि डावा हात डावीकडे जातो, तळवा वर. तिथे थांबतो. रिकाम्या हवेवर बोटं मिटतात. हात परत येतो. त्यात काही नसतं.

"ही हालचाल जुन्या नोंदीतही होती," मृण्मयी हळू म्हणाली. "दर वेळी. आम्ही ती कापून टाकली. कामाची नाही म्हणून."

आत्या आपल्याच हाताकडे परक्याच्या हातासारखं बघत होत्या. "मावशी, हात असा का करता?" मृण्मयीनं विचारलं.

"कसा?"

तिनं पुन्हा दाखवलं. आत्यांनी बघितलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "हे बसत्यात तितं," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"हे. डाव्या अंगाला. सहा झाल्या की सातवी हातात येती. म्या कंदी बघितली न्हाय कुठनं येती. येती." जरा थांबून त्या म्हणाल्या, "गान्यातच हाय की ते. धोंडीच्या हाती."

मी दहा वर्षं त्या अंगणात वावरत होते. मामा आजारानंतर तिथे सोबतीला बसतात, असं मी धरून चालले होते. मांडीशी कामट्यांची जुडी असते, हेही दिसत होतं. दिसत होतं, एवढंच.

"आठ वर्षांपूर्वी मामा आले होते का तुमच्याबरोबर?" मी आत्यांना विचारलं.

उत्तर मृण्मयीनं दिलं. "आले होते. फाटकावर सांगितलं की फक्त कारागीर आत. दिवसभर बाहेर झाडाखाली बसून होते." ती काचेकडे बघत होती. "चहा मीच पाठवला होता त्यांना."

दुसऱ्या दिवशी सुहास रजा टाकून मामांना घेऊन आला. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, हातात काठी. प्रयोगशाळेच्या दारात ते थांबले आणि मृण्मयीला म्हणाले, "आत... येऊ?"

मृण्मयी खाली वाकून त्यांच्या पाया पडली. मामा गडबडले. "औक्षवंत हो," एवढंच त्यांना एका दमात म्हणता आलं.

"बसा आता," आत्या म्हणाल्या. "मानपान मागनं करा."

"तुझ्या... डाव्या अंगाला?"

"मग काय माझ्या डोक्यावर?"

मामा बसले. आत्यांनी गाणं धरलं. सहावी झाली, ओळ आली, डावा हात डावीकडे गेला. आणि थांबून राहिला, कारण मामांचा उजवा हात जुडीतून निघून, थरथरत, मधेच एकदा घसरून, सावकाश येत होता. आठ वर्षांपूर्वी हे पापणी लवण्याआधी झालं असतं. आता एवढ्या वेळात आत्यांनी दोन कामट्या घातल्या असत्या. मामांचा डावा हात शाबूत आहे. पण डाव्या हातानं वस्तू द्यायची नसते, आणि विणकामात तर नाहीच, हे त्यांच्या आईनं त्यांना शिकवलेलं.

कामटी तळव्यावर आली. आत्यांची बोटं मिटली. सातवी घरात गेली आणि सहांना बांधून बसली.

मृण्मयीनं तो ताल संगणकाला दिला. संगणकानं मधला उशीर काढून टाकला, त्याला तो दोष वाटला. काचेच्या बशीत रेवाच्याच पेशींचा नमुना होता. त्यावर ती नीटनेटकी आवृत्ती लावली. तासाभरात धागे सहाव्यापाशी फाटले. मग तिनं न कापलेली लावली, उशिरासकट. ती धरून राहिली.

"कळलं मला," मृण्मयी म्हणाली. "वाट बघताना मावशी त्या सहा कामट्या सैल सोडत नाहीत, ओढून धरतात. तो थांबलेला वेळच ताण आहे. तो कापला की सहाही ढिल्या पडतात."

पण एकदा पुरत नव्हतं. हात दर वेळी थोडा वेगळा चालतो. त्यातला खरा ताण काढायचा तर निदान तीनशे त्रेचाळीस घरं लागणार होती. आणि धागे जागे होत होते, हाती दोन दिवस होते.

पहिल्या दिवशी एकशे साठ झाली. दुसऱ्या दिवशी जेवणवेळेपर्यंत दोनशे एकोणचाळीस. मामांचा सदरा भिजला होता. हात आता कामटी उचलायलाच कुरकुरत होता, उचलली की मधेच पडत होती, आणि पडलेली कामटी विणीत घेत नाहीत, नवी घ्यावी लागते. मृण्मयीनं त्यांची नाडी बघितली आणि सुहासकडे बघितलं.

"बाबा, बास करू," सुहास म्हणाला.

"किती... ऱ्हायल्या?"

"एकशे चार."

मामांनी जुडीकडे बघितलं. मग आत्यांना म्हणाले, "तू धरशील... तवर?"

"म्या धरते," आत्या म्हणाल्या. "तुमी या तुमच्या पायानं."

त्यानंतर गाणं बदललं. नावाच्या ओळीनंतर आत्या थांबेनात. मामांच्या हाताला दम खायला मिळावा म्हणून त्या मधल्या वेळात ओव्या घालायला लागल्या, तिथल्या तिथे बांधून. एका हातात सहा टोकं ताणलेली, दुसरा तळवा हवेत पसरलेला, आणि मान खाली.

धर धर माझ्या हाता, सहाजणी धर दाट
येणाऱ्याच्या पायाखाली, आज चढणीची वाट

कामटी यायची. घर बांधलं जायचं. पुढचं घर, पुढची ओवी.

उशीर झाला म्हनं, कुणी नका लावू बोल
हळू येणाऱ्या पावलाचं, माझ्या घरी लई मोल

एखादी ओवी संपायची आणि हात पोचलेला नसायचा, मग तीच पुन्हा. एकदा मामांनी मधेच डोळे मिटले तेव्हा आत्यांनी चार ओव्या घातल्या, शेवटची चक्क त्यांच्या घोरण्यावर होती. काचेपलीकडे कुणीतरी हसलं आणि मामाही हसले आणि हात आला. तीनशे चाळीस. एक्केचाळीस. शेवटची कामटी त्यांनी ठेवली नाही, त्यांच्या हातून ती आत्यांच्या तळव्यावर पडली. आत्यांनी तशीच घेतली.

संध्याकाळी रेवाच्या छातीवर पट्टा चढला. मऊ, बोटभर रुंद, फ्रॉकखाली दिसतही नव्हता. तिला गुदगुल्या झाल्या. मग ती एकदम शांत झाली आणि मान तिरकी करून आत काहीतरी ऐकायला लागली.

"आज्जी आहे," ती म्हणाली. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा." मग ती थांबली. मीही थांबले. "आणि आबा आले," ती म्हणाली.

पट्टा चोवीस दिवस होता. तेवढ्या दिवसांत आमच्या घराला एक नवी चाल लागली. जेवताना रेवा घास तोंडाशी नेऊन थांबायची, मग खायची. वेणी घालताना म्हणायची, "आई, थांब, अजून आले नाहीत." शेजारच्या मुलांना तिनं छातीला कान लावून ऐकायला दिलं, आणि रांग लागली म्हणून प्रत्येकी एक जांभूळ घेतलं. दर आठवड्याला मृण्मयी घरच्या यंत्रावरून चित्र मागवायची. बारके ठिपके पहिल्याच आठवड्यात गेले. मोठ्या ठिपक्याच्या कडेला एक धागा उगवला, एकटा, आणि पलीकडच्या काठाकडे निघाला. दुसऱ्या आठवड्यात तो मध्यापर्यंत होता. तिसऱ्या आठवड्यात जवळजवळ तिथेच. मृण्मयी फोनवर म्हणाली, "थांबू या." शस्त्रक्रियेची खोली तिनं धरून ठेवली होती, हे तिनं मला सांगितलं नाही, सुहासला सांगितलं, आणि त्यानं मला.

दुसऱ्या शहरांत अजून दहा मुलं होती, त्याच ठिगळाची. त्यांच्याही पट्ट्यांत तोच ताल गेला होता. सहा टिचक्या, मग थांबणं, मग एक. त्यांना कुणी सांगितलं असेल का, की हे कोण उशिरा येतंय?

पंचविसाव्या दिवशी आम्ही सगळे पुण्यात होतो. रेवा तपासणीच्या पलंगावर, पोटावर कापडी ससा घेऊन. मृण्मयीनं तिच्या छातीवर यंत्र फिरवलं. पडद्यावर रक्त दिसतं, एका कप्प्यातलं तांबडं, दुसऱ्यातलं निळं. भोक असलं की मधून रंगाची एक रेषा पलीकडे घुसते. मी मुलांना पुष्कळ रेषा काढायला लावल्या आहेत. एक रेषा नसावी म्हणून मी त्या दिवशी उभी होते.

तांबडं तांबड्याच्या जागी होतं. निळं निळ्याच्या जागी.

मृण्मयीनं चित्र मोठं केलं. मोठ्या ठिपक्याच्या जागेतून तो धागा आरपार गेला होता, काठाला पोचला होता, बांधला गेला होता. बाकीच्यांपेक्षा जरासा जाड.

"परवा पोचला असणार," ती म्हणाली. तिनं चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. "ताई, पुढेही असंच होईल. पुढच्या वाढीतसुद्धा सगळे धागे आधी येतील आणि सातवा मागाहून. दर वेळी आपल्याला थांबायला लागेल. मी ते बदलू शकत नाही."

"नका बदलू," मी म्हणाले.

बाहेर आले. बाकावर दोघं बसलेली होती, आत्या उजवीकडे, मामा त्यांच्या डाव्या अंगाला. मामांनी मला बघितलं आणि उठायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

"बसली?" त्यांनी विचारलं.

"बसली, मामा."

त्यांनी मान हलवली. मग आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. तो धोतरावर पडल्या पडल्या थरथरत होता, आणि त्यांना तो थांबवता येत नव्हता.

आत्यांनी तो हात उचलला आणि आपल्या मांडीवर दोन्ही हातांत दाबून धरला.

"किती येळ लावला तुमी," त्या म्हणाल्या.